चौदा महिन्यांच्या मुलाला उलट्या-जुलाब: ओआरएस पाजले की जुलाब वाढतात असे वाटते, थांबवावे का?

मानेवाड्याची_आई (मंगळवार, संध्याकाळी 7.10)

नमस्कार. आम्ही नागपुरात मानेवाडा भागात राहतो. माझा मुलगा चौदा महिन्यांचा असून त्याचे वजन 9 किलो आहे. शनिवारी आम्ही उमरेडला नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. रविवारी रात्री त्याला लागोपाठ पाच उलट्या झाल्या, अंग तापले आणि सोमवारी पहाटेपासून पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. उलट्या आता कमी आहेत, परंतु आज दिवसभरात अकरा वेळा शी झाली असून ती पिवळसर, आंबूस वासाची आणि डायपरच्या कडेने ओघळण्याइतकी पातळ आहे. रक्त किंवा आव दिसलेली नाही.

सोमवारी सकाळी बालरोगतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी पोटावरच्या कातडीचा चिमटा घेऊन पाहिला, डोळे आणि जीभ तपासली आणि सांगितले, की हा विषाणूमुळे झालेला आजार आहे, अंगातले पाणी अजून फारसे कमी झालेले नाही, तेव्हा ओआरएस, झिंक आणि नेहमीचे खाणेपिणे चालू ठेवा. त्यांनी प्रतिजैविक लिहिले नाही आणि शौचाची तपासणीही सांगितली नाही. आमच्या घरात ही चिठ्ठी कोणालाच पुरेशी वाटत नाही. सासूबाई म्हणतात, दाढा येत आहेत आणि टाळूही बसली आहे, तेल घालून टाळू भरली की जुलाब थांबतील. शेजारच्या काकूंचे म्हणणे असे, की दूध बंद करा आणि कुठेतरी सलाइन लावून आणा.

माझ्या डोक्यातून मात्र एकच गोष्ट जात नाही. ओआरएसचे चार चमचे पोटात गेले की दहा मिनिटांच्या आत शी होते, म्हणजे जेवढे आत जाते तेवढे बाहेर येते असे दिसते. अशा वेळी ते चालू ठेवण्यात अर्थ आहे का, की त्यानेच जुलाब वाढत आहेत? शिवाय रोटाव्हायरसचे तिन्ही डोस वेळेवर दिलेले असताना हे झालेच कसे? कृपया जाणकारांनी सांगावे.

निवृत्त_परिचारिका (मंगळवार, रात्री 8.05)

ताई, मी शासकीय रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात एकोणतीस वर्षे काम केले आणि तुमचा हा प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, किती आयांच्या तोंडून ऐकला असेल याची गणती नाही. ओआरएस थांबवू नका. दहा मिनिटांत जी शी होते ती तुम्ही आत्ता पाजलेल्या पाण्याची नसते. पोटात काहीही पडले की खालच्या आतड्याला हालण्याचा इशारा मिळतो आणि तिथे आधीच साठलेले बाहेर येते. धडधाकट तान्हे मूलही दूध पिता पिता शी करते ते याच कारणाने. ओआरएसने जुलाब थांबत नाहीत हे मात्र खरे आहे आणि ते तुम्हाला आधीच कोणीतरी सांगायला हवे होते. गेलेले पाणी आणि क्षार भरून काढणे एवढेच त्याचे काम. आजार आपल्या दिवसांनी जातो, तोवर मुलाचे पाणी तुटू द्यायचे नाही.

म्हणून शी किती वेळा झाली यापेक्षा लघवी किती वेळा झाली याची नोंद ठेवा. डायपरमध्ये पातळ शी आणि लघवी वेगळी ओळखू येत नाही, हे मला ठाऊक आहे. आम्ही वॉर्डात आयांना कापसाचा एक मोठा बोळा डायपरच्या पुढच्या बाजूला ठेवायला सांगत असू. मुलगा असेल तर तो बोळा ओला होऊन त्याला शीचा रंग लागलेला नसला, की लघवी झाली असे धरायचे. जुन्या सुती धोतराचा लंगोट असेल तर हे आणखी सोपे जाते. सहा ते आठ तासांत लघवी झाली नाही, तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

आता ओआरएस कसे करता ते एकदा तपासून पाहा, कारण माझ्या अनुभवात निम्मा घोळ तिथेच असतो. पाकिटावर एक लिटर लिहिले असेल, तर संपूर्ण पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचे. 200 मिलीची छोटी पाकिटेही मिळतात, त्यामुळे छापलेले आधी वाचा. घरातला स्टीलचा पेला कोणाकडे दीडशे मिलीचा असतो, कोणाकडे तीनशेचा. त्यावर विसंबू नका, रेल्वेत मिळते तशी एक लिटरची पाण्याची बाटली मापाला घ्या. पाणी उकळून पूर्ण गार झाल्यावर पूड घाला आणि पूड घातल्यावर पुन्हा उकळू नका. मग स्वतः चाखून पाहा: आपल्या डोळ्यांतले पाणी जेवढे खारट लागते त्याहून ते खारट लागता कामा नये. चोवीस तासांनी उरलेले टाकून द्या. मूल पीत नाही म्हणून त्यात साखर किंवा ग्लुकोजची पूड घालण्याचा मोह आवरा.

पाजायचे वाटी-चमच्याने. मांडीवर थोडे उभे धरून, गालाच्या आतल्या बाजूने एक चमचा, मग मिनिट-दोन मिनिटांनी दुसरा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा त्याहून सावकाश सुरुवात करायची. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिली द्यावे, म्हणजे टपरीवरच्या चहाचा एक लहान ग्लास धरा. हे कंटाळवाणे काम आहे, हात अवघडतो, आणि म्हणूनच घरातल्या दोघा-तिघांनी आळीपाळीने करावे.

सासूबाईंना टाळू बसलेली जाणवली असेल, तर त्यांचा हात जाणता आहे, उपाय तेवढा चुकतो आहे. दीड वर्षापर्यंत टाळू बुजत आलेली असते, तरी पुष्कळ मुलांत ती बोटांना लागते, आणि अंगातले पाणी उतरले की ती खोल जाते. वरून थापलेल्या तेलाने ती भरत नाही; पोटात पाणी आणि क्षार गेले की ती आपोआप वर येते. पण ताई, सोमवारी सकाळी डॉक्टरांनी पाहिले तेव्हाची स्थिती आणि अकरा जुलाबांनंतरची स्थिती एक नसते. टाळू खरोखरच खोल वाटत असेल, डोळे आत गेले असतील, रडताना पाणी येत नसेल, किंवा मूल ओआरएसवर अधाशासारखे तुटून पडत असेल, तर आज रात्रीच पुन्हा दाखवा. मूल मलूल होऊन पिणेच सोडून देईल, हातपाय गार पडतील, शीत रक्त दिसेल किंवा उलटी हिरवी होईल, तर मग तासाभराचीही वाट पाहायची नसते. 108 ला फोन करा.

खाण्याचे म्हणाल, तर अंगावरचे दूध मुळीच तोडू नका. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी आणि तिच्यावर चमचाभर तेल, दहीभात, कुस्करलेले केळे, जे त्याला आवडते ते थोडे थोडे पाच-सहा वेळा द्या. आमच्याकडे दाखल होणाऱ्या मुलांच्या उशाशी हटकून चहा आणि ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा असे, खिचडीचा डबा क्वचित. दाढांचा यात काही दोष नाही. दाढा येण्याच्या वयातच मूल जमिनीवरचे सगळे तोंडात घालते, म्हणून दोन्ही गोष्टी एकदम घडतात.

आणि हिवाळ्यात जुलाब कसे, असा प्रश्नही तुमच्या घरात निघाला असेल. आपल्याकडे हगवण म्हटली की उन्हाळा आणि पहिला पाऊस आठवतो. पण विषाणूंच्या जुलाबांचा हंगाम थंडीचा. विधानभवनाकडे अधिवेशनाचे मोर्चे निघू लागले, की आमच्या वॉर्डात एका खाटेवर दोन मुले झोपवायची वेळ येई.

इतवारीकर (मंगळवार, रात्री 8.50)

वरील सल्ला आदराने वाचला, तरी एक शंका आहे. माझ्या पुतण्याला मागच्या वर्षी असाच त्रास झाला होता आणि सलाइन लावल्यावर तो दोन तासांत खेळू लागला. रात्रभर चमच्याने पाजत बसण्यापेक्षा सरळ सलाइन लावणे काय वाईट? आणि प्रतिजैविकाची एखादी बाटली दिली तर बिघडते काय?

सूक्ष्मजीवशास्त्र_शिक्षक (मंगळवार, रात्री 9.35)

मी डॉक्टर नाही. महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे मुलाच्या उपचारांविषयी वर ताईंनी जे लिहिले आहे त्यात भर घालणार नाही. इतवारीकरांच्या शंकेचे उत्तर मात्र माझ्या विषयात येते.

आपल्या लहान आतड्याच्या आतल्या पृष्ठभागावर मखमलीसारखे सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांच्या टोकांवरच्या पेशी पाणी, साखर व क्षार शोषून घेतात. रोटाव्हायरस नेमक्या त्याच पेशींवर हल्ला करतो. त्या झडून पडल्या की शोषण मंदावते आणि पाणी आतड्यातच राहून वाहून जाते. उंचवट्यांच्या तळाशी नव्या पेशी सतत तयार होत असतात आणि त्या काही दिवसांत वर सरकून झडलेल्यांची जागा घेतात. रोटाव्हायरसचे जुलाब साधारण तीन ते आठ दिवसांत आपसूक थांबतात, त्याचे कारण हेच. या काळातही ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेणारी यंत्रणा बऱ्याच अंशी शाबूत असते, आणि ती चालू राहिली की तिच्यामागोमाग पाणीही आत ओढले जाते. ओआरएस या एका जोडीवर उभे आहे. त्यातली साखर चवीसाठी किंवा ताकदीसाठी घातलेली नसून ती मिठाला आत नेणारी वाटाड्या आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2002 पासून स्वीकारलेल्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. आधीच्या सूत्राची तीव्रता, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या साखर-क्षारांच्या कणांचे एकूण प्रमाण, लिटरमागे 311 मिलिऑस्मोल होती, ती कमी करून 245 करण्यात आली, कारण पातळ द्रावणाने जुलाबाचे प्रमाण आणि सलाइनची गरज दोन्ही कमी होतात असे दिसून आले होते. साखर वाढवली की हा तोल उलटा फिरतो: जादा साखर आतड्यातच राहते आणि शरीरातले पाणी आतड्यात खेचते.

सलाइनने पुतण्या बरा झाला याविषयी मला शंका नाही. जे मूल गुंगीत आहे, ज्याला गिळता येत नाही, किंवा ज्याच्या पोटात चमचाभरही ठरत नाही, त्याला शिरेतूनच पाणी द्यावे लागते आणि तेथे उशीर करू नये. परंतु जे पिऊ शकते, त्याला सुई टोचून जादा काही मिळत नाही. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ पसरली असताना सलाइनचा साठा अपुरा पडू लागला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पिंपांत भरून रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्याही खाली आले. पटकी हा आपल्या चर्चेतल्या आजारापेक्षा कितीतरी उग्र रोग आहे, हे लक्षात घ्यावे. महालनबीस यांना 2023 मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. दिल्यास आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि त्यामुळेही जुलाब होऊ शकतात. शीत रक्त असेल तर मात्र शिगेलासारख्या जिवाणूंचा संशय येतो आणि तेव्हा डॉक्टर प्रतिजैविक देतातच. मोठ्या माणसांची जुलाब बांधणारी गोळी लहान मुलाला कधीही देऊ नये. तिने आतड्याची हालचालच मंदावते आणि पोट फुगून जिवावर बेतू शकते.

आता लसीविषयी. ही लस रोटाव्हायरसपुरतीच आहे. नोरोव्हायरस, अ‍ॅस्ट्रोव्हायरस आणि काही अ‍ॅडेनोव्हायरस हेच चित्र निर्माण करतात आणि त्यांच्यावर बाळांना देण्याजोगी लस आज आपल्याकडे नाही. रोटाव्हायरसच्या बाबतीतही लसीचा खरा उपयोग तीव्र आजार टाळण्यात आहे. आपल्या देशी लसीचा विषाणू 1980 च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत सापडला. दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथे घेतलेल्या मोठ्या चाचणीत पहिल्या वर्षात तीव्र आजारापासून सुमारे 56 टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. 2016 मध्ये ही लस चार राज्यांत सार्वत्रिक लसीकरणात आली आणि पुढे रोटाव्हायरसविरुद्धचे लसीकरण महाराष्ट्रासह देशभर सुरू झाले. तेव्हा डोस वाया गेले असे समजू नका. कदाचित त्यांच्यामुळेच हा आजार सौम्य राहिला असेल, किंवा हा विषाणूच वेगळा असेल. लग्नघर, शनिवारचे जेवण आणि रविवारी रात्री उलटी, हा हिशेब नोरोव्हायरसच्या 12 ते 48 तासांत बसतो आणि रोटाव्हायरसच्या साधारण दोन दिवसांशीही फारसा विसंगत नाही. कोणता विषाणू, याने उपचार बदलत नाहीत, म्हणूनच डॉक्टरांनी तपासणी सांगितली नसावी.

हुडकेश्वरचा_बाबा (मंगळवार, रात्री 10.15)

पाकिटाविषयी वर जे लिहिले आहे ते मी स्वतः भोगले आहे, म्हणून सांगतो. माझी मुलगी दहा महिन्यांची असताना मी रात्री एक लिटरचे पाकीट आणले आणि एवढे पाणी ही पिणार कधी, असा विचार करून जवळजवळ अर्धे पाकीट तिच्या दुधाच्या बाटलीत, म्हणजे 200 मिली पाण्यात घातले. घट्ट म्हणजे गुणकारी, असाच माझा समज होता. ती पीत राहिली, पण तिची तहान भागेना. पहाटेपर्यंत ती विचित्र चिरक्या आवाजात रडू लागली आणि अंगाला हात लावला तरी दचकू लागली. रुग्णालयात रक्त तपासल्यावर सोडियम वाढलेले निघाले आणि ते हळूहळू खाली आणण्यासाठी तिला तीन दिवस ठेवावे लागले. डॉक्टरांनी मला रागावून काही म्हटले नाही, फक्त रिकामे पाकीट माझ्या हातात देऊन त्यावरची ओळ वाचायला सांगितली.

दुसरी चूक दुकानात होते. त्याच आठवड्यात मी ओआरएस मागितल्यावर दुकानदाराने फळाच्या चवीचे, खोक्यातले गोड पेय पुढे केले होते आणि त्यावर ओआरएस ही अक्षरे ठळक छापलेली होती. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञांनी अशा पेयांविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हे नाव वापरण्यास मनाई केली. तरीही आपण पाकीट उलटवून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, हे पाहूनच घ्यावे. आशाताईंकडे आणि अंगणवाडीत तेच पाकीट फुकट मिळते. मला तेव्हा ते फुकटचे म्हणून हलके वाटले होते.

मानेवाड्याची_आई (शुक्रवार, दुपारी 3.30)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मंगळवारी रात्रीच आम्हाला निघावे लागले. निवृत्त परिचारिका ताईंचे वाचून मी कापसाचा बोळा ठेवला आणि तो साडेअकरापर्यंत कोरडाच राहिला. आठवून पाहिले तेव्हा लक्षात आले, की दुपारी चारनंतर त्याला लघवी झाल्याची खात्री कोणालाच देता येत नव्हती. सासूबाईंनीच शाल घेतली आणि म्हणाल्या, चला. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती जागेवर जायला क्षणभर वेळ लावत होती. सलाइन लावणार असे मी धरून चालले होते. त्यांनी वजन केले, किलोमागे 75 मिली या हिशेबाने 675 मिली ओआरएस मोजून भांड्यात ओतले आणि चार तासांत एवढे चमच्याने पाजायचे, असे सांगून समोर खुर्ची दिली. एकदा उलटी झाली. उलटीचे औषध त्यांनी एकदाच दिले. सासूबाई, हे आणि मी आळीपाळीने पाजत बसलो. पावणेतीनला त्याने माझ्या साडीवर लघवी केली आणि तिघेही हसलो. पहाटे पाचला आम्ही घरी परतलो.

आज पाचवा दिवस आहे. काल चार वेळा शी झाली, आज आतापर्यंत दोनदा, आणि ती आता घट्टसर आहे. दहीभात खातो. टाळूवर तेल लावणे अजून चालू आहे, त्यावरून मी वाद घातला नाही. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. शीची जागा लालभडक झाली असून पुसताना तो किंचाळतो. आणि जुलाब थांबत आले असताना झिंक चालू ठेवायचे का? चमच्यात गोळी विरघळवून दिली की तोंड वाकडे करतो आणि अर्धी थुंकतो. शिवाय काल रात्रीपासून यांनाही उलट्या सुरू झाल्या आहेत.

निवृत्त_परिचारिका (शुक्रवार, सायंकाळी 5.10)

झिंक पूर्ण चौदा दिवस द्या, रोज 20 मिलिग्रॅम. पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता त्याने कमी होते. गोळी पाण्याऐवजी अंगावरच्या दुधात विरघळवा आणि पोट भरलेले असताना द्या, धातूसारखी चव कमी जाणवते. पुसणे बंद करा, ओले सुगंधी रुमाल तर नकोच. कोमट पाण्याने धुवा, मऊ सुती कापडाने टिपा, खोबरेल तेल लावा आणि दिवसातून दोन-तीन तास त्याला उघडे ठेवा.

तुमच्या यजमानांनी स्वयंपाकघरात जाऊ नये. शी धुतल्यावर आणि जेवणाआधी सगळ्यांनी साबणानेच हात धुवावेत; हाताला चोळायच्या सॅनिटायझरला नोरोव्हायरस फारशी दाद देत नाही. तुमच्याकडे उरलेले पाकीट असेल तर त्यांनाही तेच द्या, एक लिटरला एक.